पिवळ्या रोपांसाठी पाच किलो हिराकस

मागच्या जुलैत, म्हणजे २००७ च्या, मी विंचूरहून इगतपुरीकडे तीन दिवस जाऊन आलो. या ब्लॉगवर येणारे बरेच जण पावसाळ्यात इगतपुरीला कसं जावं, कुठे राहावं, धबधबे कुठले बघावेत असं विचारतात. रस्ता सांगतो, खायचं सांगतो. धबधब्यांचे फोटो मात्र इथे मिळणार नाहीत. मी तिकडे बहिणीचं मेलेलं रोप बघायला गेलो होतो, आणि ते मीच मारलं होतं. म्हणून लिहायलाही दहा महिने लागले.

आधी माझ्याबद्दल. विंचूरला माझं खता-औषधांचं दुकान आहे. शेतीची पदविका आहे, ती काचेत घालून गल्ल्याच्या मागे लावली आहे. आमचा भाग कांद्याचा आणि द्राक्षाचा. जमीन काळी, चुनखडीची. इथे वेलीची शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडली की लहान पोरसुद्धा सांगेल, लोह कमी पडलंय, हिराकस द्या. जमिनीत लोह असतं, पण चुना ते धरून ठेवतो आणि झाडाला मिळत नाही. हिराकस म्हणजे लोहाचंच हिरवट मीठ. ते दिलं की आठवड्यात पानं हिरवी होतात आणि दुकानदाराचं नाव होतं. वीस वर्षं माझं असंच नाव होत आलं.

धाकटी बहीण सुमन इगतपुरीच्या अलीकडे डोंगरातल्या एका गावात दिली आहे. तिच्याकडे तांबडी माती, धो धो पाऊस आणि भात. तिच्या सासरी घरचं एक बियाणं आहे, कोळपी. बुटका तांबूस दाणा. आजूबाजूला सगळ्यांनी दुकानातल्या पिशव्या आणायला सुरुवात केली, तरी हिच्या सासूबाईंनी ते सोडलं नाही. गावात आता ते फक्त त्यांच्याच कणगीत आहे. दर दिवाळीला त्या तांदळाची एक गोणी आमच्याकडे येते. आई म्हणते, हा भात शिजला की शेजारी वळून बघतात.

सुमन गावातल्या रुपयाच्या डब्यावरून फोन करते. रुपयात मिनिटभर. जूनच्या शेवटी तिचा फोन आला तेव्हा दुकानात गर्दी होती. ती म्हणाली, "दादा, रोपं पिवळी पडाया लागली. खालून..." मी म्हणालो, "समजलं, समजलं. हिराकस पाठवतो, फवार." त्याच दिवशी पाच किलोची पिशवी ओळखीच्या कंडक्टरबरोबर पाठवली. पैसे घेतले नाहीत, याचा मला अभिमानसुद्धा वाटला होता. पाच-सहा दिवसांनी पुन्हा फोन. "दादा, आता लाल व्हत चालली." मी म्हणालो, "लागू पडतंय. आता उरलेलं वाफ्यातल्या पाण्यात सोड." तिसऱ्या फोनवर ती एवढंच म्हणाली, "दादा, तू ये."

सकाळी सातच्या एसटीने निघालो. विंचूर ते नाशिक निफाडमार्गे दीड तास धरा, पण कांद्याचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतील तर देवाचं नाव घ्या. खिडकीतून दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव दिसतात. कुठल्या मांडवाला कुठलं औषध गेलंय ते मी ओळखत होतो आणि मनात मिरवत होतो. नाशिकला जुन्या स्टँडसमोर मिसळ खाल्ली. पोट भरायचं असेल तर जास्तीचा रस्सा मागा, नाही म्हणत नाहीत. तिथून घोटीपर्यंत एसटी. हायवेच्या चौपदरीकरणामुळे जागोजागी खडी आणि चिखल होता. घोटीला वडापाव पाच रुपयांना दोन, आणि पुढे काळीपिवळी जीप. जीप भरल्याशिवाय निघत नाही आणि भरल्यावरही निघत नाही. ड्रायव्हर म्हणाला, "अजून तीन माणसं बसत्याल." बसली. माझा एक पाय शेवटपर्यंत कुणाच्या तरी डालग्यावर होता, आतली कोंबडी अधूनमधून निषेध नोंदवत होती.

घोटी सोडल्यावर पाऊस असा लागला की ड्रायव्हरही अंदाजानेच चालवत होता. ज्यांना हिरवळ बघायची आहे त्यांनी याच दिवसांत जावं. दोन्हीकडे डोंगर, मधे पाण्याने भरलेली खाचरं, बांधावर प्लॅस्टिकचे कागद पांघरलेली माणसं. सगळीकडे आवणी चालली होती, म्हणजे रोपं उपटून खाचरात लावायचं काम. ज्याची आवणी चुकली त्याचं वर्ष चुकलं. सुमनच्या खाचरांत नुसतं पाणी होतं.

दाजी, म्हणजे सुमनचे मालक, मला सरळ वाफ्यावरच घेऊन गेले. चहासुद्धा नंतर. रस्त्याच्या कडेला सगळ्यात खोलगट जागी रोपाचा वाफा होता. वरच्या डोंगरातला झरा तिथेच उतरतो. रोपं वीतभरही वाढलेली नव्हती. खालची पानं टोकाकडून तपकिरी झालेली, त्यांवर गंजाचे बारीक ठिपके, आणि वरची पानं आखडलेली. पाण्यावर तेलासारखा तवंग होता.

दाजी म्हणाले, "कुणीतरी जळून रॉकेल टाकलं आसंल का?"

मी काडी घेतली आणि तवंगात फिरवली. रॉकेल असतं तर पुन्हा जुळून आलं असतं. याचे तुकडे पडले आणि पापडाच्या चुऱ्यासारखे वेगवेगळे तरंगत राहिले. तो लोहाचा तवंग होता. एक रोप उपटून पाण्यात धुतलं. भाताचं कोवळं मूळ पांढरं असतं. हे विटकरी रंगाचं होतं, आणि नखाने खरवडलं तर गंज निघाला, जुन्या खिळ्यावरून निघतो तसा.

मला कॉलेजातलं पुस्तक आठवलं. त्यात यावर एक परिच्छेद होता. पाणी साचून राहिलं की मातीतली हवा संपते आणि तांबड्या मातीतलं लोह विरघळून पाण्यात येतं. कोवळं रोप ते नको इतकं पितं. शिवाय मुळाच्या आसपास जी थोडी हवा असते तिथे त्या लोहाचा गंज होऊन मुळावरच चढतो. स्फुरद त्या गंजात अडकतं, पालाश आणि जस्त आत नीट शिरत नाही. जेवण भोवती पसरलेलं आणि रोप उपाशी. आमच्या सरांनी तो परिच्छेद सोडून दिला होता, आपल्याकडे हे लागत नाही म्हणून. विंचूर आणि इगतपुरी, जिल्हा एकच.

म्हणजे लोहाने गुदमरलेल्या रोपांना मी वरून पाच किलो लोह पाठवलं होतं. कमतरता असेल तर शेंड्याची नवी पानं पिवळी पडतात, जास्त झालं तर खालची जुनी पानं आधी जातात. ओळखायला एक प्रश्न पुरतो, वरची पानं की खालची? आणि तिने तर न विचारताच सांगितलं होतं. "खालून," म्हणाली होती. मी तिचं वाक्य तोडलं होतं.

घरी चहा पिताना दाजी म्हणाले, "औषधाचं माप चुकलं आसंल हिचं. मी म्हनलं व्हतं, शेजारच्या गड्याला फवारू दे. हिला कुठलं कळतंय."

सुमन चुलीपाशी होती. तिने वर पाहिलं नाही. मी तिथेच बोलायला हवं होतं. मी कपात बघत म्हणालो, "बघू, सकाळी नीट बघू." हे लिहिताना माझी मलाच किळस येते. वीस वर्षांचं नाव एका कपभर चहासाठी जपलं, आणि दोष तिच्या पदरात राहू दिला.

या घरी राहणाऱ्याला जेवणाची चिंता नाही. तांदळाची भाकरी, अंबाडीची भाजी, वर लसणाची चटणी. मी अर्धी भाकरी ताटात ठेवली, पण त्यात स्वयंपाकाचा दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फावडं घेऊन वाफ्याचा बांध फोडला, साचलेलं पाणी जाऊ दिलं. झऱ्याचं पाणी बाजूने काढायला चर खणला. हेच महिन्यापूर्वी केलं असतं तर रोपं वाचली असती. रस्त्यावर एक पांढरी गाडी थांबली. छत्री सावरत एक जोडपं उतरलं, मुंबईचं असावं.

"अगं, कलर बघ! काय ब्राँझ शेड आलीय!" तो कॅमेरा काढत म्हणाला.

तिने मला विचारलं, "काका, हे पिकलेलं भात आहे का?"

"मेलेलं आहे," मी म्हणालो.

दोघं हसली. गावाकडची माणसं कशी मजेशीर बोलतात असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी पाच-सहा फोटो काढले आणि धबधबा कुठे म्हणून विचारलं. मी हात दाखवला, चुकीच्या दिशेला. त्याबद्दल मला अजून वाईट वाटलेलं नाही.

तेवढ्यात सुमन भाकरी घेऊन आली. बांधावर बसलो आणि मी सगळं सांगून टाकलं. लोह कमी नव्हतं, जास्त होतं. तुझं माप चुकलं नाही, माझं डोकं चुकलं. दाजींना मी आजच सांगतो.

तिने फडकं सोडून भाकरी माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाली, "मला कळलं व्हतं, दादा. दुसऱ्यांदा टाकलं तवाच. रोपं दोन दिसांत अजून लाल झाली ना."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तुला फोनवर कधी काय बोलता येतं? तू दुकानात असतो." हे ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं सांगत होती.

आता दुसरं पाप सांगतो. हा वाफा इथे, या खोलगट जागी, मुळात का केला? माझ्यामुळेच. इथली रीत अशी की उन्हाळ्यात उंचावरच्या उताराच्या तुकड्यावर शेण, पाला, झाडाच्या फांद्या, गवत पसरून जाळायचं. त्याला राब भाजणं म्हणतात. त्या राखेच्या जागेवर पावसाच्या तोंडाशी भात पेरायचं आणि रोप तयार करायचं. दरवर्षी मी इथे आलो की त्यावर बोलत असे. झाडं ओरबाडता, शेणासारखं सोनं जाळता, अडाणीपणा आहे नुसता. झाडांबद्दलचं माझं म्हणणं आजही खोटं नाही. पण राखेतून पालाश मिळतं, आंबट माती जरा ताळ्यावर येते आणि उतारावर पाणी साचत नाही, हे मी कधी त्यांना विचारलं नाही आणि स्वतःलाही विचारलं नाही. मेमध्ये मी सुमनला बजावलं, यंदा राब बंद. खाली पाण्याजवळ चिखलाचा वाफा कर, युरियाची मूठ टाक, रोपं बघ कशी उठतात. तिने नवऱ्याशी आणि सासूशी भांडून तसं केलं. भाऊ शिकलेला आहे म्हणून.

घरी परतल्यावर मी दाजींसमोर कबूल केलं. ते "बरं," म्हणाले, आणि मग गोठ्यात जाऊन बराच वेळ बाहेर आले नाहीत. सुमनची सासू, तिला मी मावशी म्हणतो, ओसरीवर सूप घेऊन बसली होती. मी विचारलं, "मावशी, कोळपीचं बी किती शिल्लक आहे?"

"सगळं पेरलं ना तुझ्या वाफ्यात," ती म्हणाली. तुझ्या वाफ्यात.

मला वाटलं, संपलं. शेजारची माणसं उरलेली रोपं देणार होती, पिशवीतल्या वाणाची. म्हणजे खाचरं रिकामी राहणार नव्हती, घर उपाशी राहणार नव्हतं. पण ते बियाणं गेलं होतं. ते बाजारात विकत मिळत नाही, आणि माझ्या दुकानात तर मुळीच नाही.

मावशीने सूप ठेवलं. इरलं डोक्यावर घेतलं आणि मला म्हणाली, "चाल."

घराच्या मागे डोंगराला लागून एक उतार आहे. तिथे एका सतरंजीएवढ्या जागेत रोपं उभी होती. हिरवीगार, दीड वीत, वाऱ्यावर हलणारी. मातीत अजून काळी राख दिसत होती. मी एक उपटलं. मूळ पांढरं होतं.

"धान्याची देवी हाय आमची, कणसरी," मावशी म्हणाली. "तिच्या नावानं ओंजळभर बी राबावर टाकावंच लागतं. तुम्ही भावा-बहिणीनं बंद केलं, पर देवीला कोन सांगनार? म्या आपला लहान राब भाजला. सूनबाईला बी नाय सांगितलं."

मी हात जोडायला हवे होते. मी काय केलं असेल? मी म्हणालो, "छान आलंय, आता याला थोडा..." आणि थांबलो. मावशी माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "ह्याला काय बी नको."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या रोपांची आवणी झाली. एवढ्याशा रोपांना एक लहानसं वरचं खाचर पुरलं, तेही झऱ्याच्या वाटेपासून लांबचं. मावशीने स्वतः रोपं उपटून मुठी बांधल्या. दाजी आणि सुमन वाकून लावत होते. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खाचरात उतरायला निघालो.

"तू बांधावरच थांब, बाबा," मावशी म्हणाली. आवाजात राग नव्हता. पाहुण्याला म्हणतात तसं म्हणाली. लग्नात मी याच घराला सुमनचा हात दिला होता, आणि आता मला त्यांच्या चिखलात पाय घालायची परवानगी नव्हती. मी बांधावर थांबलो. अर्ध्या तासात आवणी झाली. यातलं जे पिकेल ते सगळं बियाण्यालाच ठेवायचं, पुढच्या वर्षी पेरायचं आणि त्यापुढच्या वर्षी खायचं, असं त्यांचं आपसात ठरलं. मला कुणी विचारलं नाही.

निघताना सुमन जीपपर्यंत आली. पिशवीत भाकऱ्या दिल्या. म्हणाली, "आईला काय सांगू नको. ती उगंच जीवाला लावून घेईल." मी नाही सांगितलं.

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. इगतपुरीहून रेल्वे बरी, नाशिकरोड, निफाड करत लासलगावला सोडते, हायवेवरचा चिखल वाचतो. निफाडच्या पुढे पुन्हा द्राक्षाचे मांडव लागले. या वेळी कुठल्या मांडवाला काय दिलंय ते ओळखायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. पहिल्याच गिऱ्हाइकाने सांगितलं, "पानं पिवळी पडली, हिराकस द्या." मी विचारलं, "वरची का खालची?" तो म्हणाला, "तुम्ही कधीपासून असलं विचारायला लागले?" मी आता प्रत्येकाला विचारतो. लोक वैतागतात, काही समोरच्या दुकानात जातात. जावोत.

भाऊबीजेला सुमन आली. नेहमीसारखी तांदळाची गोणी आणली. पांढरा लांब दाणा, पिशवीतल्या वाणाचा. आईने भात केला, ताटलीत घेतला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "सुमे, तांदूळ बदलला का गं? ह्याला वास नाय." सुमन म्हणाली, "यंदा पाऊस लय झाला, आई." माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मी भात कालवून खाल्ला. वाढ म्हणालो, दुसऱ्यांदाही घेतला.

मला कळलं ते एवढंच की मावशीच्या खाचरात ओंजळभर पेरून चांगलं दोन पायली बी झालं. तेही दाजींनी घोटीच्या बाजारात भेटलेल्या आमच्या गावच्या माणसाला सहज सांगितलं म्हणून. मला थेट कुणी सांगितलं नाही.

परवा सुमनचा फोन आला. मेचा महिना, कडक ऊन, दुपारचे तीन. आईच्या गुडघ्याची चौकशी केली, माझ्या मुलांच्या निकालाची केली. दोनदा खोकली. मागे कुणीतरी ओरडलं, "वारा फिरला, माती टाक, माती!"

मी विचारलं, "धूर झालाय का गं? खोकतेस."

"चूल पेटवली," ती म्हणाली.

फोनचा डबा त्यांच्या उताराच्या समोरच्या टपरीत आहे. तिथे कसली चूल? ते राब भाजत होते. मला सांगितलं असतं तर मी म्हणालो असतो, भाजा, चांगलं भाजा, माझंच चुकलं होतं. ते मला एकदा तरी म्हणायचं होतं. पण मी काही म्हणेन याचीच तिला भीती होती.

"बरं," मी म्हणालो, आणि ती आणखी काही बोलेल म्हणून गप्प राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या फोनवर गप्प राहिलो.

"ठेवते, दादा," ती म्हणाली. रुपयाचं निम्मं मिनिट अजून शिल्लक होतं.